भोंगा सध्या बंद आहे

तीर्थरूप आत्या हीस,

भोंग्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आडवं पडायला तयार नाहीत, आणि पडलेच तर उठायला तयार नाहीत. तेव्हा कागद आडवा ठेवून लिहिते आहे, त्यातच समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? कानाचं यंत्र वापरतेस का अजून डबीतच आहे? वहिनी म्हणत होती की पाहुणे आले की तू ते काढून ठेवतेस आणि ते उठून गेले की लावतेस. हे वागणं तुझ्या वयाला शोभत नाही, पण अकलेला शोभतं.

आता आधी तक्रार. या घरात एका निरपराध बाईवर गेले अकरा आठवडे जो अन्याय चालला आहे, त्याची नोंद कुठंतरी व्हायला हवी. आमच्या यांनी मला एक पांढरी पाटी आणून दिली आहे आणि तिच्यासोबत एक निळं पेन. हे पेन वाक्याच्या सुरुवातीला झळझळीत उमटतं, मध्यावर त्याला धाप लागते, आणि शेवटच्या शब्दाला ते मरून पडतं. तुला ठाऊकच आहे, माझ्या वाक्यातला सगळा माल कायम शेवटच्या शब्दात असतो. 'तुम्ही आणि तुमची बहीण, दोघंही एकजात' इथवर छापल्यासारखं येतं, आणि पुढं नुसता ओला ओरखडा. हे चष्मा लावून वाचतात, 'खरंय, आम्ही दोघं एकजातच' म्हणून समाधानानं मान डोलावतात आणि वर्तमानपत्राकडं वळतात. पंचवीस वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द माझा नाही असं कधी घडलं नव्हतं. ते एका चिनीमातीच्या कपापेक्षाही स्वस्त पेनानं करून दाखवलं. नवं पेन आणा असं पाटीवर लिहिलं, तर 'नवं पेन' एवढंच उमटलं. ते म्हणाले, 'हो ना, नवंच आहे.'

तर मुद्दा असा की माझा आवाज गेला आहे. फोन केला नाही तो यासाठी. मी बोलू शकत नाही आणि तू ऐकू शकत नाहीस. आपण दोघींनी फोन लावला असता, तर कंपनीला फुकटची शांतता विकता आली असती.

संधिवात हा माझा जुना भाडेकरू, हे तू जाणतेस. बोटं, मनगटं, गुडघे अशा खोल्या त्यानं एकेक करून बळकावल्या आणि मी काही बोलले नाही. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच घरावर चाल करून जाते, असा हा आजार, असं सांध्यांच्या डॉक्टरीणबाई सांगतात. (आपल्या घराण्याला यात नवल नाही. आजोबा गेल्यावर सगळ्या काकांनी दुसरं काय केलं?) पण आता कळतंय की स्वरयंत्रातही दोन सांधे असतात, मिरीच्या दाण्याएवढे. देवानं बाईच्या घशात सांधे का ठेवले असतील कोण जाणे. पण ठेवले, आणि भाडेकरूला ते सापडले. चौदा महिने माझा घसा बसत होता आणि उठत होता. मी समजत होते सर्दी. कार्यालयातल्या बायकांनी मध सांगितला, आलं सांगितलं, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, एकीनं तर नोकरी सोडायला सांगितली (तिला माझी खुर्ची हवी आहे). शेवटी एका सोमवारी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नळाचं पाणी जावं तसं. आधी थोडी हवा, मग तीही नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर आधी रागं भरले. तीन आठवड्यांच्या वर घसा बसला की आत डोकावून बघायचंच असतं, आणि संधिवात असलेल्या माणसानं तर नक्कीच, तुम्ही चौदा महिने काय करत होता? मला सडेतोड उत्तर सुचलं होतं. पण ते द्यायचं कशानं? मग त्यांनी बुटाच्या नाडीएवढी नळी माझ्या नाकातून आत सोडली आणि समोरच्या पडद्यावर माझा घसा मलाच दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या. एक उघडझाप करत होती, दुसरी नुसती हजेरी लावून बसली होती. हुबेहूब आमचं कार्यालय. 'ई म्हणा,' म्हणाले. मी ई म्हटलं. निघाला तो आवाज गंजलेल्या बिजागरीचा, आणि बाहेर बसलेले हे दार कुणी उघडलं बघायला उठून उभे राहिले.

मग नियम. ओरडायचं नाही, हे मी समजू शकते. पण कुजबुजायचंही नाही! कुजबुजण्यानं पट्ट्यांवर उलट जास्त ताण येतो म्हणे. (म्हणजे दोन्ही हत्यारं जप्त.) खाकरायचं नाही, घशाशी काही आलं की घोटभर पाण्याबरोबर गिळायचं. बावन्न वर्षांत घशाशी आलेलं गिळण्याचं काम मी कधी केलेलं नाही, आता या वयात शिकते आहे. दिवसभर घोट घोट पाणी, दोनदा वाफ, धूळ वर्ज्य. पोटातलं आंबट वर चढू नये म्हणून रात्रीचं जेवण सातच्या आत आणि पलंगाच्या डोक्याकडं दोन-दोन विटा. मी उशीला धरून राहते, पण हे सकाळी पायथ्याशी गोळा झालेले सापडतात. श्वास घेताना शिट्टी वाजली तर मात्र एक मिनिट न थांबता दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि ते यांनी इतकं मनावर घेतलं की मागच्या गुरुवारी मला चपलांशिवाय जिना उतरवून रिक्षात बसवलं. शेजारच्यांचा कुकर होता.

मुख्य इलाज डॉक्टरीणबाईंकडं. घसा हे नुसतं दार आहे, आग आत आहे, ती विझवायला हवी, म्हणून त्यांनी संधिवाताचंच औषध बदललं. थोडे दिवस मोठ्या तोफेच्या गोळ्या, मग हळूहळू लहान तोफ, आणि दर महिन्याला रक्ततपासणी. किती दिवसांत बरं होईल, असं मी पाटीवर विचारलं. (पेनानं त्या दिवशी 'बरं' पर्यंतच साथ दिली, पण त्या हुशार आहेत.) म्हणाल्या, 'बाई, हा पाहुणा जाणार नाही. पण आपण त्याला ओसरीवर बसवू शकतो. तुमच्या डोक्यावर बसू द्यायचा नाही, एवढंच.' मला त्या आवडल्या. खोटं बोलत नाहीत आणि बिलही हातात देताना ओशाळतात.

बोलायला रेशन आहे. दिवसाला पंधरा मिनिटं, तीही हलक्या, साध्या आवाजात. पहिल्या दिवसाचं सकाळी साडेसातलाच संपलं. दूधवाल्याशी. दुसऱ्या दिवशी जपून वापरलं, तर संध्याकाळी अकरा मिनिटं शिल्लक राहिली आणि कुणावर खर्च करावी अशा लायकीचा माणूसच सापडेना. शिवाय आठवड्यातून एकदा आवाजाच्या मास्तरीणबाईंकडं जायचं. सव्वीस वर्षांची पोर. ती मला पेल्यातल्या पाण्यात नळी धरून, गुणगुणत, बुडबुडे काढायला लावते. त्यानं पट्ट्या सैल होतात, आणि होतात खऱ्याच. पण बावन्न वर्षांची बाई डबा खायच्या सुट्टीत टेबलाशी बसून बुडबुडे काढते आहे, हे ज्यांनी पाहिलं, ते माझ्याशी आता वेगळ्याच मायेनं वागतात. एक गंमत आणखी. मी बोलत नाही, म्हणून समोरचेही कुजबुजतात. जणू आवाज माझा गेला नाही, घरात कुणी झोपलं आहे.

इथवर हसण्यासारखं होतं. आता पुढचं ऐक.

माझी खिडकी तू पाहिलेली नाहीस. निवृत्तांच्या पेन्शनीचं कार्यालय, खालच्या मजल्यावर लांबलचक हॉल, लाकडी बाकं, आणि शेवटी चार नंबरची खिडकी, ती माझी. तिथं म्हातारी माणसं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला येतात. माणूस समोर उभा असतो, धापा टाकत असतो, माझ्याशी भांडत असतो, तरी तो जिवंत आहे हे कागदावर सही करून सांगावं लागतं. खिडकीला बोटभर जाडीची काच आहे. बोलायचं भोक कमरेच्या उंचीवर आहे (ज्यानं ते पाडलं, तो पोटानं बोलत असावा). भोंगळ आवाजाचा एक माइक होता, तो दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मृत्यूचा दाखला अजून मंजूर व्हायचा आहे. त्यामुळं गेली सतरा वर्षं मी त्या काचेतून, ऐकू न येणाऱ्या माणसांशी, निव्वळ गळ्याच्या जोरावर बोलत आले. तुझं 'भोंगा' हे नाव तिथं कुणाला ठाऊक नाही, पण सगळ्यांना पटलं असतं.

साहेबांनी तीन आठवडे वाट पाहिली. साहेब माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, स्वभावानं वाईट नाहीत, फक्त त्यांना वाटतं की माणूस टेबलासारखा कुठंही हलवता येतो. म्हणाले, 'तुमच्याच भल्यासाठी सांगतो, एक तारखेपासून तळघरात जा. जुन्या फायली. तिथं कुणाशी बोलावं लागणार नाही.' तळघर म्हणजे धूळ, ओल आणि साठ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचे जिवंत असल्याचे दाखले. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितली आहे, हे मला सांगायचं होतं. सतरा वर्षांत या खिडकीवरून एकही म्हातारं माणूस रडत परत गेलेलं नाही (चिडून गेले असतील), हेही सांगायचं होतं. तोंड उघडलं, तर बिजागरी. पाटी काढली, तर पेन. साहेब म्हणाले, 'मग ठरलं.' आत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा वाद हरले, आणि तोही एक अक्षर न बोलता.

त्या संध्याकाळी मी घरी पायी गेले आणि रस्ताभर मला तू आठवत होतीस.

तुझ्या गिरणीचं फाटक आठवलं. पाळी सुटायचा भोंगा झाला की मी कानात बोटं घालून तिथं उभी असायची, आणि मग तुम्ही सगळ्या बाहेर पडायचात, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाची पांढरी पिसं, जणू एकदम पन्नास म्हाताऱ्या. घरी पोचेतो तुम्ही पिसं झटकत जायचात आणि तरुण होत जायचात. रस्त्यावर तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलायचात की दुकानदार दचकायचे. आणि आत, कापड विणणाऱ्या साच्यांच्या त्या खडखडाटात, जिथं स्वतःची शिंक ऐकू येत नाही, तिथं तुमच्या दिवसभर गप्पा चालायच्या. ओठांनी. तू मला एकदा डबा द्यायला आत नेलंस, आठवतं? धोटे इकडून तिकडं सुटत होते, जमीन पायाखाली थरथरत होती, आणि दोनशे बायका तोंडं ताणून ताणून, हातवारे करत, आवाजाचा टिपूसही न काढता बोलत होत्या. मला वाटलं सगळ्या मिळून जांभया देताहेत. तू हसलीस आणि खात्याच्या पार पलीकडच्या टोकाच्या बाईकडं बोट करून सांगितलंस, 'ती म्हणतेय, तुझी भाची तुझ्यावर गेलीय, पण नाक वाचलं.' साठ साच्यांपलीकडून तू ते वाचलं होतंस.

मग तुझ्या दोन खोल्या. खिडकीसमोर चौक, चौकापलीकडं तुझ्या मैत्रिणीची खिडकी. घरातले झोपलेले असायचे, मुलं अभ्यासाला बसलेली असायची, आणि तुम्ही दोघी खिडक्यांत उभ्या राहून तास तास बोलायचात. चौकातलं मांजरही उठायचं नाही. मी भाजी निवडायच्या निमित्तानं बसून सगळं बघायची. शब्द कुणी शिकवले नाहीत, चोरून शिकले. तळहात उलटा केला की 'पलटून बघ'. कॉलरला हात लावला की मुकादम येतोय. हनुवटी कुरवाळली की 'जरा थांब', कारण बाबा दारात आले की तू हमखास हनुवटी कुरवाळायचीस आणि पलीकडची गप्प व्हायची. हे शेवटचं लक्षात ठेव, पुढं उपयोगाचं आहे.

आणि ती वक्तृत्वस्पर्धा. मी अकरा वर्षांची, विषय 'वेळेचं महत्त्व', आणि चौथ्या मिनिटाला माझी वेळ भरली. पुढचं काही आठवेना. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय. आणि शेवटच्या रांगेमागं, दाराशी, तू. पाळी सुटल्यावर तशीच धावत आलेली, केसांवर कापूस. आठवडाभर केर काढता काढता माझं पाठांतर ऐकलेली. तू ओठ ताणून पुढचं वाक्य दिलंस. मी घेतलं. त्याच्या पुढचंही दिलंस. असं करत शेवटापर्यंत. लोकांना वाटलं, मुलगी काय सुंदर थांबे घेते! कप मला मिळाला. (कपाबद्दल आणखी थोडं आहे, ते पुढं.) माझी सगळी बोलकेपणाची कीर्ती तिथून सुरू झाली, आणि ती मुळात बिनआवाजाच्या बाईनं उसनी दिलेली होती, हे मी मोठेपणी सोयीनं विसरले.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर गर्दी होती. सातव्या नंबरला निळ्या स्वेटरमधली एक आजीबाई आल्या, कागद उलटा. मी पाटी दाखवली, तर त्यांचा चष्मा घरी. खुणेनं दाखवलं, तर त्या पेन बघायला लागल्या. मागून ओरडा सुरू झाला. मागच्या आजोबांनी 'बाई झोपल्यात का?' असं विचारलं, आणि माझ्याकडं त्यावर इतकं सुरेख उत्तर होतं की ते गिळताना डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या संतापात, आत्या, माझ्या तोंडानं आपोआप काय केलं कोण जाणे. ओठ ताणले गेले. श्वास नाही, आवाज नाही. तुझ्यासारखं, तळहात उलटा करून: पलटा, मागच्या बाजूला सही करा.

आजीबाईंची पाठ ताठ झाली. त्यांनी सही केली नाही. काचेच्या जवळ आल्या, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि तितकेच ओठ ताणून, बिनआवाजाचं विचारलं, 'कुठली गं गिरणी तुझी?'

माझी नाही, म्हटलं, आत्याची.

'खातं?'

साचे.

त्यांनी मागं वळून रांगेत कुणालातरी हात केला. बाकांवरून चार बायका उठल्या. पाच मिनिटांत खिडकीपासून दारापर्यंत गप्पा सुरू, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी! त्यांना ऐकायला नकोच होतं, मला बोलायला नको होतं, आणि मधली बोटभर काच आमच्या वाटेतच नव्हती. रांगेत शेवटी उभी असलेली बाई तिथूनच विचारत होती, 'फोटो जुना चालेल का?' मी इथूनच सांगत होते, 'चालेल, पण तुमचाच हवा.' खिडकीवर येईतो प्रत्येकीचा कागद तयार. ज्यांना ही भाषा येत नव्हती, त्यांचे कागद या बायकांनी भरून घेतले आणि मघाच्या आजोबांना दोनदा दटावलं. एरवी दुपारपर्यंत सव्वीस दाखले होतात. त्या दिवशी एकेचाळीस.

पण एक फजिती झालीच. माझी ही भाषा म्हणजे चोरून ऐकणाऱ्या पोरीची. गप्पांचे आणि निंदेचे शब्द भरपूर, कामाचे जेमतेम. कुणाला 'जरा थांबा' म्हणायचं असलं की मी हनुवटी कुरवाळत होते. चौदाव्या वेळी निळ्या स्वेटरवाल्या आजीबाई हसून हसून बाकावर बसल्या. मग त्यांनी समजावलं. हनुवटी कुरवाळणं म्हणजे 'थांब' नव्हे, 'हा माणूस चिक्कू आहे'. मी सकाळपासून चौदा निवृत्त कामगारांना तोंडावर चिक्कू म्हणत होते; आणि तू, आत्या, माझ्या बाबांना, स्वतःच्या सख्ख्या भावाला, वीस वर्षं, दररोज, माझ्यादेखत!

नेमके तेव्हा साहेब आले. भरगच्च हॉल, पूर्ण शांतता, आणि पाच म्हाताऱ्या पोट धरून बिनआवाजाचं हसताहेत. कुणीतरी कॉलरला हात लावला. सगळ्या एकदम गप्प बसल्या, म्हणजे ओठांनी गप्प. साहेबांनी आपली कॉलर चाचपून पाहिली. 'काय चाललंय इथं?' आजीबाई आता खणखणीत आवाजात म्हणाल्या, 'दाखले देतोय साहेब, जिवंत असल्याचे. या बाईंना हलवताय म्हणे? कशाला? पहिल्यांदा इथं कुणीतरी नीट बोलतंय.' साहेबांनी दाखल्यांची चळत पाहिली, घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, 'हे तुम्हाला कुणी शिकवलं?'

त्या दिवसाचं रेशन सकाळीच संपलं होतं. नियम मोडायचा नव्हता, पाटी समोर होती, पेनही त्या वेळी बरं चाललं असतं. तरी मी बोलले. आवाजानं. भोकातून, कमरेत वाकून. दोनच शब्द. ते काय, ते खाली सांगते.

तळघर तीन महिने पुढं ढकललं आहे. तोवर बघू म्हणतात. मास्तरीणबाईंना मी ओठांचं बोलणं करून दाखवलं. श्वास न लावता नुसते ओठ हलवले तर हरकत नाही म्हणाली, आणि मला पण शिकवा म्हणाली. औषध लागू पडतंय. मागच्या तपासणीत हजेरी लावून बसलेली पट्टी थोडी हलली. साहेबांना हे सांगितलेलं नाही, नाहीतर माझ्यानंतर तिची बदली करतील. भोंगा मात्र परत वाजणार नाही. जे येतंय ते चिरकं, दुपारी थकणारं, जपून वापरायचं. गिरणीचा भोंगाही असाच एक दिवस बंद झाला होता, आठवतं? दुसऱ्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला उशिरा जाग आली आणि तू खिडकीत उभी राहून समोरच्या खिडकीला म्हणालीस, 'आता रोज आपणच उठायचं.'

तुझी कंबर जप. यंत्र डबीतून काढ. वहिनीला माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
भोंगा (दुरुस्तीसाठी बंद)

ता. क. १ : पत्राचं खरं कारण राहिलंच. निळ्या स्वेटरवाल्या आजीबाई म्हणतात, माझे उच्चार गावंढळ आहेत. ओठांना उच्चार असतात हे मला माहीतच नव्हतं. तर दर रविवारी चार वाजता वहिनीला तिचा फोन तुझ्या तोंडासमोर धरायला सांग, चित्र दिसेल असा. उजेड तुझ्या तोंडावर हवा, पाठीमागं नको. तास-दीड तास शिकव. फक्त कामाचे शब्द. (निंदेचे माझ्याकडं पुरेसे आहेत. दोन-चार नवे असले तर शेवटी.)

ता. क. २ : यांनी नवं पेन आणलं. शेवटच्या शब्दापर्यंत चालतं. पहिल्याच दिवशी मी पाटीभर लिहिलं, यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि हनुवटी कुरवाळली. त्यांना कुणी शिकवलं, याचा तपास चालू आहे. बाबांच्या बाबतीत, नीट विचार केला तर, तू बरोबर होतीस.

ता. क. ३ : सोबतच्या खोक्यात तो कप आहे. एक कान तुटलाय, तो माझ्याच हातून. इतकी वर्षं त्यात बटणं ठेवत होते. स्पर्धा संपल्यावर मी स्टेजजवळ मुख्याध्यापिकांशेजारी उभी होते, तोंड हॉलकडं, आणि तू अजून दाराशीच होतीस. त्यांनी विचारलं, 'ती दारातली तोंड वेडंवाकडं करणारी बाई कोण गं?' मी म्हणाले, 'माहीत नाही.' हळूच म्हणाले होते. चाळीस फुटांवरून तुला ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. साठ साचे मला तेव्हा आठवले नाहीत. ते आठवायला त्या दिवशीची खिडकीची काच लागली. बाहेर आल्यावर तू विचारलंस, 'काय म्हणत होत्या बाई?' आणि मी म्हटलं, 'काही नाही.' तू मला आइस्क्रीम घेऊन दिलंस आणि सावकाश खा म्हणालीस, घसा बसेल.

तर, उत्तराला एकेचाळीस वर्षं उशीर झाला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी भर हॉलमध्ये, होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणाले, 'माझ्या आत्यानं.'